बांधावरच्या पिस्त्याचा तांबेरा

झाड अजून उभं आहे, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट ताणून धरणं मला जमत नाही, आणि त्या आठवड्यात माझा स्वतःचा जीव इतका टांगणीला लागला होता की वाचणाऱ्याचाही लावावा असं वाटत नाही.

झाड पिस्त्याचं आहे. पळसदेवच्या अलीकडे, माझ्या मामांच्या शेताच्या बांधावर. हे सांगितलं की बारामतीतलं माणूस आधी हसतं. आमच्याकडे ऊस, डाळिंब, द्राक्षं, पेरू. पिस्ता म्हणजे श्रीखंडावर भुरभुरायचा. पण मामी काही वर्षांपूर्वी हिमाचलला सहलीला गेली होती. बरोबरच्या बायकांनी शाली आणि सफरचंदं आणली, हिनं एका रोपवाटिकेतून पिस्त्याची तीन रोपं आणली, मुळांशी वाळका पाला बांधलेली. परतीच्या सगळ्या रेल्वेप्रवासात ती तिच्या मांडीवर होती. ‘लोकं विचारायची, बाळ हाय का काय,’ असं ती नंतर सांगायची. त्यातली दोन रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. बांधावर लावलेलं तिसरं जगलं. आता ते मामीच्या डोक्याच्या वर गेलंय.

आमच्या हवेत त्याला पिस्ते येणार नाहीत. त्याला थंडी लागते, शिवाय नर आणि मादी अशी दोन झाडं लागतात. हे मी मामीला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘म्हाईत हाय. रोपवाल्यानंच सांगितलं हुतं.’ मग का आणलंस, हे मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

मी बारामतीजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत पिकांचे रोग तपासते. लोक पानं, मुळं, फळं पिशवीत घालून आणतात, मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि काय दिसलं ते लिहून देते. लोकांशी बोलायचं काम प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं. ही वाटणी कुणी ठरवली नाही, पण ती मला फार सोयीची आहे.

पानं बघायची सवय मला मामीनंच लावली. मी इंग्रजी शाळेत शिकले. मे महिन्यात मामांकडे राहायला गेले की मामेभावंडं मला मुद्दाम शेतातल्या वस्तूंची नावं विचारायची. खुरप्याला मी ‘तो वाकडा चाकू’ म्हटलं होतं, ते त्यांनी पुढची कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं. मामी त्यांना रागवायची नाही. ती मला हाक मारायची आणि जिथे बोलावं लागणार नाही असं काम द्यायची. दोडक्याची, वांग्याची पानं उलटी करून मागे किडीची अंडी आहेत का बघायचं. मी तासन्‌तास पानं उलटत बसायचे. जेवताना ती सगळ्यांसमोर विचारायची, ‘काय घावलं आज?’ आणि मी जे सांगेन ते खरं धरायची. दुसऱ्या दिवशी मामा त्याप्रमाणे फवारायचे.

म्हणून गणपती उठल्यानंतर मामीचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतून बाहेर जाऊन तो घेतला.

भांडण मामांच्या चुलत भावाशी होतं. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. बांधाच्या पलीकडे त्यांचा ऊस आहे. त्या पावसाळ्यात उसाच्या पानांवर तांबूस चट्टे उठले. उसाचा तांबेरा आमच्याकडे नवा नाही. ती एक बुरशी आहे, पानावर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी दिसते, पान वाळतं, ऊस खुरटतो. पण त्याच दिवसांत पिस्त्याच्या पानांवरही तसलेच तपकिरी फोड आले. तात्यांनी एक बोट पिस्त्याच्या पानावर घासलं, दुसरं उसाच्या पानावर, आणि दोन्ही बोटं मामांसमोर धरली.

‘बगा दादा. येकच रंग हाय का न्हाय?’

रंग एकच होता. तात्यांचं म्हणणं, परमुलखातलं झाड, त्यानं परमुलखातला रोग आणला आणि तो उसावर उतरला. यंदाचा गेला तो गेला, पण तोडणीनंतर फुटणारा खोडवा तरी वाचवायला हवा. तेव्हा झाड काढायचं. मामा पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. कुणाचा आवाज चढला की लगेच मिटवायच्या मागे लागतात. ते हो म्हणून बसले. रविवारी तात्या झाड कापायच्या मशीनवाल्याला घेऊन येणार होते.

‘त्यांचंबी चुकत न्हाय,’ मामी फोनवर म्हणाली. ‘उसावर घर हाय त्यांचं. पर आमचं झाडच दोषी हाय ह्ये बोटं घासून कसं ठरणार? तू बघ. कापायचं असंल तर मी कापू दीन, आडवी येणार न्हाय. पर नाव कळल्याबिगर न्हाय.’

‘बघते,’ मी म्हणाले.

‘आन खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काय सांगू नगं.’

दुसऱ्या दिवशी मामा भिगवणवरून बसनं बारामतीला आले आणि पानं देऊन गेले. जाडसर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर गावाचं नाव. सरकारी माणसाची शिस्त. मला फार कौतुक वाटलं.

मी पानांवर पारदर्शक टेप दाबून उचलली, काचपट्टीवर चिकटवली आणि बघितली. घाईच्या वेळी आम्ही असंच करतो. समोर लांबट गोल, दालचिनीच्या रंगाचे, अंगावर बारीक काटे असलेले बीजाणू होते. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी. हे मला पाठ होते. हंगामात मी ते रोज बघते. ते उसाच्या तांबेऱ्याचे होते.

मी दुसरं पान घेतलं. तेच. तिसरं. तेच. मधे मधे काही काळपट गोल ठिपके होते, ते मी धूळ समजून सोडून दिले.

तात्यांची दोन बोटं बरोबर निघाली होती. मला आठवतं, मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि फोनकडे बघत बसले. मामीनं खरं सांगायला सांगितलं होतं, आणि खरं हे असं होतं. शिवाय ते अगदीच अशक्यही नव्हतं. काही तांबेरे दोन घरचे असतात. अर्धं आयुष्य एखाद्या झुडपावर काढतात आणि उरलेलं गवतावर. गव्हाच्या एका तांबेऱ्याचं असं आहे, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ऊसही गवताच्याच कुळातला.

तरी एक गोष्ट टोचत होती. फोड पानाच्या मागच्या बाजूला होते, पण भुकटी दोन्ही बाजूंना सारखीच होती. पुढच्या बाजूला तर जास्तच, आणि तीही लांबच लांब पट्ट्यांत. पिस्त्याचं पान गोलसर असतं. त्याच्यावर लांब पट्टे कुठून येणार?

मी मामीला फोन लावला. बरं-वाईट काही न सांगता विचारलं, ‘पानं तोडली कुणी?’

‘तात्या भावजींनी. त्येच म्हणाले, मी देतो, न्हायतर तुमी चांगली चांगली पानं द्याल.’

‘मग पिशवीत त्यांनीच घातली?’

‘छे. पिशवी कुठली बांधावर? उसाच्या पानात गुंडाळली चांगली. वर उसाच्याच पानाची गाठ मारली. वली राहत्यात म्हणून.’

‘कुठल्या उसाच्या?’

‘त्यांच्याच की. हाताशी हुता त्यो.’

मी मामांना फोन केला. मामा म्हणाले, हो, तसा पुडा होता खरा. पण भिगवणच्या स्टँडवर उभं असताना त्यांना वाटलं, प्रयोगशाळेत असलं गबाळं घेऊन जाणं बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी शेजारच्या दुकानातून पिशवी घेतली, पानं तीत भरली आणि उसाची पानं टाकून दिली. ‘का गं, काही चुकलं का?’

‘नाही मामा. फारच व्यवस्थित आणलीत.’

दोघांनीही पानांची काळजीच घेतली होती. आमच्या भागात काहीही ओलं ठेवायचं तर माणूस उसाच्या पानाकडेच हात नेणार, आणि ऑफिसात न्यायचं तर पिशवी करणार. तांबेऱ्यानं भरलेल्या उसाच्या पानात पिस्त्याची पानं भिगवणपर्यंत गुंडाळलेली होती, आणि मी टेप दाबून त्या वेष्टणाचीच भुकटी उचलत होते.

आता पान धुतलं. नळाखाली हळू धरून, मऊ ब्रशनं, दोन्ही बाजूंनी. मग ज्या फोडाची साल अजून फुटली नव्हती तो शोधला. आत जे असेल ते नक्की ह्याच पानाचं असणार होतं. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन पान तिच्यात धरलं आणि दाढीच्या ब्लेडनं बटाट्यासकट पातळ काप काढले. हे काम मला आवडतं. पहिले काप जाड येतात, मग हात स्थिर होतो, आणि एखादा काप असा येतो की पाण्यात सोडल्यावर दिसतच नाही. तो घ्यायचा.

दिसलं ते असं. पानाच्या पेशींमधून लांब, पारदर्शक दांडे उभे राहिले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोल, चपटी, तपकिरी चकती. जणू कोटाची बटणं, आणि प्रत्येक बटणाला लांब दोरा. उसाच्या तांबेऱ्यात असलं काही नसतं. एकाच तांबेऱ्याला वेगवेगळ्या तऱ्हेचे बीजाणू येतात, पण त्याच्या दांड्यावरच्या बीजाणूला मधोमध पडदा असतो, दोन खोल्या असतात, आणि दांडा आखूड. मघाशी धूळ समजून सोडलेले काळपट ठिपके म्हणजे हीच बटणं होती, दोऱ्यावरून तुटलेली.

मी खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ खांदे कानाशी आले होते, ते खाली गेले. मग उठून मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, स्क्रू थोडा फिरवला.

‘हा उसाचा नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कशाचं पान आहे हे?’

‘पिस्त्याचं.’

‘आपल्याकडे?’

‘पळसदेवला. मामीचं.’

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कपाटातून जाड पुस्तक काढलं. चकतीसारखा एकच पेशी असलेला बीजाणू, लांब दांडा, यजमान झाड पिस्त्याच्या कुळातलं. आम्ही एकेक खूण जुळवत गेलो आणि पायलिओलॅरिया ह्या नावाशी पोचलो. पुढचं, प्रजातीचं नाव मी पेन्सिलीनं लिहिलं, कारण तेवढी खात्री नव्हती. पण आम्हाला हवं होतं ते त्याच्या आधीच सापडलं होतं. हा तांबेरा एकाच घरचा आहे. पिस्ता आणि त्याचे जवळचे नातेवाईक, एवढ्यावरच त्याचं सगळं आयुष्य निघतं. आला असेल तो रोपांच्या मुळांशी बांधलेल्या वाळक्या पाल्यातून. गवताशी त्याचं काही देणंघेणं नाही.

‘मामीला सांग फोन करून,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि दुसऱ्या पार्टीला तू स्वतः जाऊन सांग. फोनवर नाही पटणार त्यांना.’

मामीला सांगितलं तेव्हा ती फक्त ‘बरं’ म्हणाली. मग म्हणाली, ‘रविवारी ये.’

रविवारी मी भिगवणला उतरून पुढची एसटी धरली. डाव्या हाताला धरणाचं पाणी पार रस्त्याच्या जवळ आलं होतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. नोकरीत मी जे लिहिते ते इंग्रजीत. तात्यांसमोर त्यातला एकही शब्द चालणार नव्हता, आणि मराठीत म्हणून बघितलं की मला माझं बोलणं रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमासारखं वाटत होतं.

बांधावर सगळे आधीच आले होते. मशीनवाला मशीन मांडीवर घेऊन गवतात बसला होता. मामा उगाच टोपी काढत-घालत होते. मामी झाडापासून लांब उभी होती.

‘आली बगा इंग्रजी डाक्टरीन,’ तात्या म्हणाले. ‘बोलती का नुसती लिवती?’

‘बोलते.’

‘मग बोल बाय. मशीनवाला खोळंबलाय.’

मी फोनमधले दोन फोटो पुढे केले. सूक्ष्मदर्शकातून काढलेले. ‘हे तुमच्या उसावरच्या बुरशीचं बी. आणि हे झाडावरचं.’

तात्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ. ‘ही तर बटणं हायती.’

‘बीच आहे. हे फोडाच्या आतून काढलंय, वरची भुकटी धुऊन.’

‘आन येवढा दांडा कशाला त्येला?’

‘ते मला माहीत नाही.’

ते हसले. ‘खरं तरी बोलती. आमच्या कृषीवाल्याला समदंच म्हाईत असतंय.’ फोन परत दिला नाही. ‘बरं, बी येगळं. पर उद्या ह्येच बी माज्या उसावर जाऊन रूप बदलत न्हाय कशावरनं? सुरवंटाचं फुलपाखरू हुतंच की.’

मामा म्हणाले, ‘तात्या, अरे ती सांगतीय ना...’ पण मला तो प्रश्न आवडला. मीही प्रयोगशाळेत तोच घेऊन बसले होते. मी म्हणाले, ‘काही तांबेरे तसं करतात. झुडपावर एक रूप, गवतावर दुसरं. म्हणून तुमचा संशय चुकीचा नव्हता. पण हा त्यातला नाही. ह्याचं सगळं पिस्त्यावरच होतं. उसावर पडला तर तिथेच वाळून जातो.’

‘मग माजा ऊस कुणी लाल केला?’

बसमध्ये जुळवलेली वाक्यं इथे संपली. मी उसाकडे बघितलं. बांधाजवळचे चट्टे विरळ होते. मी विचारलं, ‘सगळ्यात जास्त कुठे आहे?’

‘जास्त आन कमी काय? समदीकडं हाय.’

‘तुम्ही पलीकडून बघितलाय?’

त्यांनी हातातला फोन मला परत दिला. मग म्हणाले, ‘चल.’

आम्ही कडेकडेनं चालत शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलो, ओढ्याच्या अंगाला. तिथली पानं बांधाजवळच्यापेक्षा कितीतरी लाल होती. तात्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला चालता चालता तांबडी रेघ उमटली. ओढ्यापलीकडे दुसऱ्या कुणाचा ऊस होता, तोही तसाच. झाड इथून दिसतसुद्धा नव्हतं.

‘तो ऊस कुठल्या जातीचा?’ मी विचारलं.

‘माज्या उसाचीच जात. म्हंजे लागणीचं बेणं मीच आणलं त्याच्याकडनं.’ ते बाही झटकत राहिले. ‘ही जात लवकर धरती का तांबेरा?’

‘धरते. आमच्याकडे पानं येतात तिची. वारंही इकडूनच तुमच्याकडे येतं.’

‘आगं, पर मला ह्ये दिसाया नगं का?’ हे त्यांनी मला नव्हे, उसाला विचारलं. मग म्हणाले, ‘दिसणार कसं. घरनं येतो तो बांधावरनंच. यीन, हात मागं बांधून झाडापशी हुबा राहीन आन तितनंच माघारी जाईन. हिकडं कोण येतंय पावसाळ्याचं.’

परत येताना मी त्यांना खोडव्यासाठी काय करायचं ते सांगितलं: नुसता युरिया ओतायचा नाही, गरज पडली तर कुठली फवारणी, आणि पुढच्या लागणीला बेणं बदलायचं. ते मधे मधे ‘व्हय’ म्हणत होते. मी इतकं सलग मराठी आधी कधी बोलले होते, आठवत नाही.

बांधावर पोचल्यावर ते थेट मामीकडे गेले.

‘वैनी, ऱ्हाऊ द्या तुमचं झाड. पर गळलेला पाला गोळा करून जाळा. माज्यात उडाया नगं.’

‘रोज गोळा करीन भावजी.’

‘आन पिस्तं लागलं तर निम्मं माजं. बांध दोगांचा हाय.’

‘लागणार न्हाय.’

‘का?’

‘हितं लागत न्हाय. त्येला थंडी लागती. आन जोडीदारबी.’

तात्यांनी मामांकडे बघितलं, मग झाडाकडे. ‘म्हंजे आमी ज्याच्यावरनं भांडलो त्येला काय लागणारच न्हाय व्हय?’

मामा हसू दाबायला टोपी चेहऱ्यासमोर धरून उभे राहिले. मशीनवाला मात्र उघड हसला. त्याला रिकामं पाठवायचं तर तात्यांना बरं वाटेना. त्यांच्याच विहिरीजवळची एक सुबाभूळ विजेच्या तारेत शिरली होती, ती कापायला त्याला घेऊन गेले. बराच वेळ तिकडून मशीनचा आवाज येत राहिला. मामी ओट्यावर बसून तो ऐकत होती. एकदा म्हणाली, ‘चांगला लांब हाय आवाज.’

काम उरकून ते चहाला आले तेव्हा मामीनं चहा करून ठेवला होता. कप सगळ्यांना दिले. मी एक घोट घेतला आणि मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनीही कप परत तोंडाला लावले. तात्यांनी अर्धा कप संपवला, मग बशी खाली ठेवली.

‘वैनी, चारी बाजूंनी ऊस हाय आमचा. चहात साखर टाकाया काय हरकत हाय का?’

मामीनं स्वतःच्या कपातला घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मग ती हसायला लागली. ओट्यावर बसून, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. साखरेचा डबा आणायला शेवटी मलाच उठावं लागलं.